रंगाचा रकाना काढा, पण रंगाबद्दल बोलणं थांबवू नका

वधूवर सूचक मंडळांच्या फॉर्ममधून रंगाचा रकाना काढून टाकावा का, यावर सध्या पुण्यात जिथे जावं तिथे वाद ऐकू येतोय. सोसायटीच्या कट्ट्यावर, नातेवाइकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर, आमच्या स्टाफरूममध्ये, सगळीकडे तेच, आणि दोन्हीकडची माणसं इतकं कच्चं बोलतायत की बायोलॉजी शिकवणाऱ्या माझ्यासारखीला गप्प बसवत नाही. एक बाजू म्हणते की रंग बघणं नैसर्गिकच आहे, गोरेपणाची आवड जगभर आहे, आणि शिवाय रंगावरून माणसाचं मूळ कळतंच की, कोण कुठून आलं ते चेहऱ्यावर दिसतं. दुसरी बाजू म्हणते रंगबिंग सगळे मनाचे खेळ, आतून सगळे सारखेच, आपला विठोबा सावळा, आपला राम मेघश्याम, मग विषय कशाला काढायचा? पहिल्यांना बायोलॉजीचा आधार हवा असतो पण ती त्यांनी नीट वाचलेली नसते, दुसऱ्यांना बायोलॉजी मुळात नकोच असते. आणि बायोडेटात 'रास, नक्षत्र, रक्तगट' यांच्या खाली 'रंग: निमगोरी' लिहिताना जिचा हात अडखळतो त्या मुलीला यातल्या कुणाचाच काही उपयोग होत नाही.

माझं मत सरळ सांगते. तो रकाना काढायलाच हवा. पण रंग ही क्षुल्लक गोष्ट आहे म्हणून नाही. कातडीचा रंग ही माणसाच्या शरीरातली फार मोठी, फार जुनी आणि जीवनमरणाशी जोडलेली गोष्ट आहे, फक्त ती ज्याबद्दल सांगते ते ऊन आणि आरोग्य आहे, आणि आपण तिला विचारतोय कूळ, जात आणि लायकी. रंगाला जिथे किंमत द्यायला हवी तिथे, म्हणजे दवाखान्यात, गरोदर बाईच्या तपासणीत, मेडिकलच्या काउंटरवर, आपण ती देत नाही आणि जिथे द्यायला नको तिथे देतो. भांडण व्हायला हवं ते यावर.

आधी वस्तुस्थिती बघू. आमच्या लॅबमध्ये कातडीच्या उभ्या छेदाची स्लाइड असते, मुलांना दाखवायची. मायक्रोस्कोपखाली वरचा थर दिसतो, त्याच्या अगदी तळाशी पेशींची एक रांग, आणि त्या रांगेत तपकिरी बारीक कण. नीट फोकस केलं की दिसतं की हे कण पेशीत कुठेही पसरलेले नाहीत, ते पेशीच्या केंद्रकाच्या वरच्या बाजूला गोळा झालेत, जिकडून ऊन येतं त्या बाजूला, डोक्यावर छत्री धरावी तसे. केंद्रकात डीएनए असतो आणि अतिनील किरण त्याची मोडतोड करतात, म्हणून ही व्यवस्था. हे कण म्हणजे मेलॅनिन. ते बनवणाऱ्या पेशी वेगळ्या, त्यांना मेलॅनोसाइट म्हणतात, आणि अशी एक पेशी आपल्या लांब फांद्यांमधून आजूबाजूच्या साधारण 36 पेशींना हे रंगाचे कण पुरवते. आता मुलांना दरवेळी धक्का बसतो ती गोष्ट: अगदी गोऱ्या माणसात आणि अगदी काळ्या माणसात मेलॅनोसाइटची संख्या जवळपास सारखीच असते. फरक असतो तो त्या पेशी रंग किती करतात, कुठला करतात आणि त्याच्या पुड्या कशा बांधतात यात. गडद कातडीत पुड्या मोठ्या, सुट्या सुट्या आणि वरच्या थरापर्यंत टिकणाऱ्या, फिकट कातडीत लहान, गठ्ठ्याने आणि लवकर विरघळणाऱ्या. रंगही दोन जातींचा, एक काळा-तपकिरी यूमेलॅनिन आणि एक लालसर-पिवळा फिओमेलॅनिन. म्हणजे यंत्रणा प्रत्येकाकडे तीच आहे, ती कमीजास्त चालते इतकंच.

मग कमीजास्त का? आपले दूरचे पूर्वज केसाळ होते आणि चिंपांझीची केसांखालची कातडी आजही बरीच फिकट असते. अंगावरचे केस गेले, घाम गाळून शरीर थंड ठेवायची सोय झाली, पण कातडी आफ्रिकेच्या उन्हात उघडी पडली. जीन्सच्या, म्हणजे पेशीतल्या आनुवंशिक सूचनांच्या, अभ्यासावरून अंदाज असा की निदान 12 लाख वर्षांपासून आपल्या वंशावळीत गडद कातडी आहे. म्हणजे माणसाच्या इतिहासाचा बहुतांश काळ सगळीच माणसं काळी होती. कुणी म्हणेल कॅन्सरपासून वाचायला. तेवढंच कारण पुरत नाही, कारण कातडीचा कॅन्सर बहुधा उतारवयात होतो, तोपर्यंत मुलंबाळं झालेली असतात, आणि निसर्गाच्या निवडीला त्याचं फारसं सोयरसुतक नसतं. म्हणून 1978 साली ब्रँडा आणि ईटन या दोन शास्त्रज्ञांनी वेगळीच शक्यता पुढे आणली. त्यांनी माणसाच्या रक्तातला द्रव प्रयोगशाळेत तीव्र प्रकाशात ठेवला आणि तासाभरात त्यातलं फोलेट 30 ते 50 टक्के कमी झालं. फोलेट म्हणजे आपण ज्याला फॉलिक अ‍ॅसिड म्हणून ओळखतो ते जीवनसत्त्व. पुढे 1991 साली ब्रिटनच्या पुढाकाराने अनेक देशांत झालेल्या मोठ्या चाचणीने पक्कं केलं की गरोदरपणाच्या आधीपासून फॉलिक अ‍ॅसिड मिळालं तर बाळाच्या मज्जारज्जूचे जन्मदोष खूपच कमी होतात. नीना जाब्लॉन्स्की ही मानवशास्त्रज्ञ आणि तिचा सहकारी जॉर्ज चॅप्लिन यांनी 2000 साली हे धागे जोडून मांडलं की गडद रंग मुख्यतः फोलेट वाचवायला आहे, म्हणजे थेट पुढची पिढी वाचवायला, आणि विषुववृत्तापासून लांब गेल्यावर रंग उतरला तो व्हिटॅमिन डीसाठी, कारण ते बनायला त्याच अतिनील किरणांतला एक भाग कातडीत शिरावा लागतो. बॉस्टनसारख्या ठिकाणी नोव्हेंबर ते फेब्रुवारी उन्हात उभं राहिलं तरी कातडीत ते जवळपास बनतच नाही, सूर्य इतका खाली असतो. आपल्याकडे उलट. पुणे साडेअठरा अक्षांशावर, मेच्या मध्याला आणि जुलैच्या अखेरीला दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि खांबाची सावली नाहीशी होते. अशा जागी हजारो वर्षं राहिलेल्या लोकांची कातडी सावळी असणं हा काही बिघाड नाही, तो नीट बसलेला हिशोब आहे.

आणि फोलेटचा पत्ता मुळात लागला कुठे माहितीये? मुंबईत. 1928 पासून ल्युसी विल्स ही इंग्लिश डॉक्टर तिथे गिरणी कामगार बायकांच्या गरोदरपणातल्या अ‍ॅनिमियाचा अभ्यास करत होती, आणि तिच्या लक्षात आलं की यीस्टच्या अर्काने, म्हणजे मार्माइटने, त्या बायका बऱ्या होतात. त्या अर्कात जे काही होतं ते पुढे फोलेट म्हणून ओळखलं गेलं. ज्या द्रव्यासाठी आपली कातडी सावळी झाली ते ओळखता आलं ते गिरणगावातल्या गरीब बायकांच्या रक्तामुळे. हे मला दरवेळी हलवून टाकतं आणि मी ते प्रत्येक बॅचला सांगते.

आता समोरच्या बाजूचे जोरदार मुद्दे घेते, कारण ते टाळून काही होत नाही. पहिला, उन्हाने सगळंच उलगडत नाही. खरंय. आर्क्टिकमधले इन्युइट लोक इतक्या उत्तरेला राहूनही युरोपीय लोकांइतके गोरे नाहीत, कारण मासे आणि समुद्री प्राणी खाऊन त्यांना व्हिटॅमिन डी पोटातून मिळतं. दक्षिण अमेरिकेतले विषुववृत्तावरचे मूळ रहिवासी आफ्रिकेतल्या त्याच अक्षांशावरच्या लोकांइतके गडद नाहीत, ते तिथे येऊन तुलनेने थोडाच काळ झालाय. स्थलांतर, आहार, लग्नाच्या चालीरीती, सगळं यात मिसळलेलं असतं. दुसरा मुद्दा जास्त बोचरा आहे आणि पुरोगामी लोक तो ऐकून घेत नाहीत: भारतात प्रदेशानुसार आणि काही ठिकाणी जातीनुसार रंगाच्या सरासरीत फरक आहे आणि त्यातला काही भाग जीन्समध्ये आहे. हेही खरंय. 2005 साली अमेरिकेत झेब्राफिश नावाच्या छोट्या माशावर काम करताना एसएलसी24ए5 हा जीन सापडला. फिकट पट्ट्यांच्या माशात तो बिघडलेला होता आणि माणसातही त्याचं एक रूप कातडी फिकट करतं असं निघालं. युरोपात जवळपास प्रत्येकाकडे तेच रूप. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 साली दाखवलं की भारतातही ते आहे, वेगवेगळ्या समाजांत त्याचं प्रमाण खूप कमीजास्त आहे, आणि युरोपातलं व आपल्याकडचं रूप एकाच पूर्वजापासून आलंय. तेव्हा 'सगळं समाजाने घडवलेलं' असं म्हणून हे उडवून लावता येणार नाही.

पण इथून 'बघा, गोरा म्हणजे आर्य' असं म्हणत जी उडी मारली जाते ती कुठे जाऊन पडते बघा. याच अभ्यासाने त्या रूपाचं वय काढलं ते 22 ते 28 हजार वर्षं. मध्य आशियातल्या गवताळ प्रदेशातून लोक भारतात आले असं जिनेटिक्सवाले ज्या काळाबद्दल म्हणतात तो जेमतेम चार हजार वर्षांपूर्वीचा. इतकं जुनं रूप कितीतरी वाटांनी, कितीतरी वेळा इकडे येऊ शकतं, ते आर्य भाषा बोलणाऱ्यांत आहे आणि द्रविड भाषा बोलणाऱ्यांतही आहे, पूर्व आफ्रिकेतही आहे. मग त्यावरून तुमच्या खापरपणजोबांची वाट कशी काय ओळखणार? आणि गोरेपणाचा रस्ता एकच थोडाच आहे. चिनी-जपानी लोक फिकट झाले ते बऱ्याच अंशी दुसऱ्याच जीन्समुळे. म्हणजे रंग सारखा दिसला तरी आतलं कारण वेगळं. उलटही तसंच, अंदमानातले जारवा आणि ओंगे रंगाने आफ्रिकेतल्या लोकांसारखे गडद, पण जिनेटिकली ते आफ्रिकेपेक्षा आशियातल्या लोकांच्या जवळचे. रंगावरून नातं ठरवायला बसलात तर या दोन्ही ठिकाणी साफ फसाल.

युरोपचंच घ्या ना. स्पेनमध्ये ला ब्रान्या इथे मिळालेल्या सात हजार वर्षांपूर्वीच्या शिकारी माणसाचा डीएनए 2014 साली वाचला गेला, त्याची कातडी गडद आणि डोळे निळे असावेत असं निघालं. इंग्लंडमधला दहा हजार वर्षांपूर्वीचा चेडर मॅन, 2018 साली त्याच्याबद्दलही तेच निघालं. 2017 साली आफ्रिकेतल्या लोकांवर मोठा अभ्यास झाला त्यात तर दिसलं की रंग फिकट करणारी आणि गडद करणारी अशी दोन्ही प्रकारची कित्येक रूपं आपली प्रजाती जन्माला येण्याच्याही आधीची आहेत आणि आफ्रिकेत आजही दोन्ही नांदतायत. गोरेपणा युरोपचा आणि काळेपणा आफ्रिकेचा, ही वाटणी टिकतच नाही. मग आमच्या पुण्यात घारे डोळे आणि गोरा रंग बघून कोकणस्थांना कुणी इजिप्तहून आणतं, कुणी इराणहून, कुणी थेट जहाजातून किनाऱ्यावर उतरवतं, त्याला काय आधार राहिला? हरियाणातल्या राखीगढी या हडप्पाकालीन जागी सापडलेल्या एका बाईच्या सांगाड्याच्या डीएनएचा अभ्यास 2019 साली आला, त्यात आपल्या डेक्कन कॉलेजची माणसं होती. त्या पेपरात वाद घालण्यासारखं पुष्कळ आहे, पण लोक वाद कशावर घालत होते तर ती बाई गोरी होती की काळी!

यात एक आकडा सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि तो फारसा कुणाला माहीत नाही. 1972 साली लेवॉन्टिन या अमेरिकन जिनेटिक्सच्या शास्त्रज्ञाने दाखवलं की माणसांमधला जिनेटिक फरक बघितला तर त्यातला सुमारे 85 टक्के एकाच समूहातल्या दोन माणसांमध्ये असतो, समूहासमूहांमधला फरक उरतो तो थोडा. रंगाच्या बाबतीत हे बरोबर उलटं होतं. रेल्थफर्ड या मानवशास्त्रज्ञाने 2002 साली कातडीच्या रंगाचा हिशोब मांडला तर 88 टक्के फरक जगातल्या प्रदेशाप्रदेशांमध्ये निघाला. याचा अर्थ नीट समजून घ्या. आपल्या सगळ्या गुणांमध्ये रंग हा अपवाद आहे, उन्हाच्या दाबाखाली तो एकटाच इतका बदललाय. यकृत, मेंदू, रक्त, स्वभाव यांच्याबद्दल अंदाज बांधायला आपण नेमका तोच गुण निवडतो जो बाकी कशाचंच प्रतिनिधित्व करत नाही, का तर तो डोळ्यांना पहिल्यांदा दिसतो.

ही चूक आजची नाही. 1901 च्या जनगणनेचा आयुक्त रिस्ली नाकाची लांबी-रुंदी मोजून जातींची उतरंड लावायला निघाला होता, नाक जितकं रुंद तितकी जात खालची असं त्याचं म्हणणं, आणि मोजपट्टी, आकडे, तक्ते असल्यामुळे लोकांना ते शास्त्र वाटलं. बाबासाहेबांनी 1936 साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या भाषणात या कल्पनेला मुळापासून हात घातला. पंजाबचा ब्राह्मण वंशाने पंजाबच्या चांभाराच्या जवळचा आहे, मद्रासच्या ब्राह्मणाच्या नाही, असा तो मुद्दा, आणि पुढे 1948 साली त्यांनी नाकाच्या मोजमापांचेच आकडे वापरून अस्पृश्यतेचं मूळ वंशात नाही असं मांडलं. समोरच्याचेच आकडे घेऊन त्याला उत्तर द्यायचं, हे आजच्या वाद घालणाऱ्यांनी शिकण्यासारखं आहे.

आणि मानवशास्त्रज्ञ इरावतीबाई कर्वे. पुण्यात त्यांचं नाव सगळे घेतात, पण हा भाग सांगत नाहीत. 1920 च्या दशकाच्या अखेरीला त्या बर्लिनला पीएचडीसाठी गेल्या, गाइड होता ऑयगेन फिशर, ज्याच्या वंशशास्त्राचा पुढे नाझींनी आधार घेतला. गोऱ्या युरोपियनांच्या कवटीच्या दोन बाजूंत जास्त असमानता असते आणि ती श्रेष्ठ बुद्धीची खूण, अशी त्याची कल्पना. इरावतीबाईंना ती सिद्ध करायला दिली. त्यांनी 149 कवट्या मोजल्या आणि लिहून दिलं की वंशाचा आणि असमानतेचा काही संबंध दिसत नाही. परक्या देशात, एकटी हिंदुस्थानी बाई, गाइडच्या सिद्धांताविरुद्ध! 1939 पासून त्या डेक्कन कॉलेजात होत्या. त्यांनी महाराष्ट्रभर फिरून माणसांची मापं घेणं थांबवलं नाही, पण त्यातून जे निघालं ते वंशवाद्यांच्या उपयोगाचं नव्हतं. कैलास मल्होत्रांबरोबर 1968 साली त्यांनी महाराष्ट्रातल्या ब्राह्मणांच्या आठ पोटजातींची तुलना प्रसिद्ध केली, एकाच दर्जाचे म्हणवणारे हे गट शरीराच्या मोजमापांत आपसांत वेगळे निघाले. बायोलॉजी टाळून नव्हे, बायोलॉजी नीट करून त्यांनी हे दाखवलं. मला दुसऱ्या बाजूच्या लोकांना हेच विचारायचंय की तुम्ही विषय बंद करा म्हणता तेव्हा इरावतीबाईंनी बर्लिनमध्ये काय करायला हवं होतं, परत यायला हवं होतं का?

आता 'आवड नैसर्गिक आहे' याकडे येते. यातही थोडं तथ्य आहे. मोजलेल्या बहुतेक सगळ्या समाजांत बायका पुरुषांपेक्षा सरासरीने किंचित फिकट असतात, बहुधा गरोदरपणात आणि अंगावर पाजताना कॅल्शियम आणि व्हिटॅमिन डीची गरज वाढते म्हणून. नवजात बाळंही सुरुवातीला फिकट असतात, रंग नंतर चढतो. डार्विनने 1871 साली रंगाचा संबंध जोडीदाराच्या निवडीशी लावला होता. बरं, पण त्याच डार्विनने हेही नोंदवलं होतं की आफ्रिकेत काही लोक जास्तीत जास्त काळ्या कातडीलाच सुंदर समजतात. आणि युरोपात शेतमजूर उन्हात राबत होते तोवर खानदानी बाया छत्री घेऊन फिरत होत्या, मजूर कारखान्यात गेले, सुट्टीत समुद्रकिनाऱ्यावर पडून राहणं परवडेल तो श्रीमंत ठरला, तशी 1920 नंतर टॅन झालेली कातडी फॅशन झाली. एका पिढीत उलटी होणारी आवड नैसर्गिक म्हणायची? रंगामागून आपण बघतोय ते दुसऱ्याची ऐपत, उन्हात काम करावं लागतं का नाही ते.

याला माझ्या मते सगळ्यात पक्का पुरावा कोड. कोड म्हणजे शरीराच्या स्वतःच्याच प्रतिकारशक्तीने मेलॅनोसाइट मारून टाकणं, तो संसर्गाने पसरत नाही, स्पर्शाने होत नाही. आता गोरेपणाची ओढ खरंच रंगाची असती तर कातडी पांढरी होण्याने कुणाला काय वाटलं असतं? पण कोड असलेल्या मुलीचं लग्न मोडतं, तिच्या बहिणीचंही अडतं, लोक पाण्याचा ग्लास हातातून घेत नाहीत. पुण्यातली श्वेता असोसिएशन कितीतरी वर्षं या माणसांसाठी काम करतेय आणि एवढं होऊनही लोक विचारतात की 'हे लागतं का हो?'

आता जे म्हणतात बोलूच नका, त्यांच्याशी माझं भांडण जास्त आहे, कारण ते माझ्याच बाजूचे आहेत. विठोबा सावळा आहे म्हणून कुणाच्या घरी सावळी सून आनंदाने आलीय असं मी पाहिलेलं नाही, वारीत पालखीपुढे लोटांगण घालणारं घरसुद्धा स्थळं बघताना गोरी मुलगीच शोधतं. 2020 साली मोठ्या लग्नाच्या वेबसाइटने रंगाचा फिल्टर काढला, 1975 पासून विकल्या जाणाऱ्या फेअर अँड लव्हलीने नावातून फेअर काढलं. चांगलंच झालं. पण नाव काढल्याने लोकांच्या डोक्यातली समजूत जात नाही आणि गप्प बसण्याची किंमत कोण मोजतंय ते बघा.

कोविडमध्ये पुण्यात घरोघरी बोटाला लावायचा पल्स ऑक्सिमीटर आला. आकडा 94 आला की घरी थांबायचं, कमी आला की बेड शोधायचा, सगळं त्या आकड्यावर. तो कातडीतून प्रकाश आरपार सोडून मोजतो, आणि कातडीतला रंग तो प्रकाश खातो. डिसेंबर 2020 मध्ये अमेरिकेतला अभ्यास आला की ऑक्सिमीटर 92 ते 96 दाखवतोय पण रक्तात प्रत्यक्षात ऑक्सिजन 88 च्याही खाली गेलाय, असं गोऱ्या रुग्णांमध्ये 3.6 टक्के वेळा झालं आणि काळ्या रुग्णांमध्ये 11.7 टक्के वेळा. तो अभ्यास तिकडचा, आपल्या रंगाच्या लोकांचे आकडे वेगळे असतील, पण आपण सावळे लोक तेच यंत्र वापरत होतो आणि हा प्रश्न इथे किती जणांनी विचारला? कारण रंगाबद्दल बोलणं असभ्य! तीच गोष्ट डॉक्टरी पुस्तकांची. फिट्झपॅट्रिक या अमेरिकन त्वचारोगतज्ज्ञाने 1975 साली कातडीचे प्रकार पाडले ते उन्हाने कोण भाजतं कोण टॅन होतं यावर, सुरुवातीला गोऱ्यांचेच चार प्रकार, आपल्यासारख्यांचे दोन नंतर जोडले. पुरळ म्हणजे लाल, ऑक्सिजन कमी म्हणजे निळसर, ही वर्णनं फिकट कातडीची आहेत. सावळ्या बाळाची कावीळ किंवा ऑक्सिजनची कमी ओळखायला डोळ्यांचा पांढरा भाग, हिरड्या, जीभ, तळवे बघावे लागतात. हे प्रत्येक आईला माहीत हवं.

आणि क्रीमं. टू व्हीलरवर चेहऱ्याला स्कार्फ, हातात लांब मोजे, अंगात सनकोट अशी पुण्याची मुलगी, तिला उन्हाचा त्रास होतो हे मान्य, प्रदूषण आहे हेही मान्य, पण त्याच मुलीच्या पर्समध्ये मैत्रिणीने सांगितलेली एक ट्यूब असते. तिच्यात बरेचदा स्टिरॉइड असतं. पहिले काही आठवडे चेहरा उजळतो, मग कातडी पातळ होते, लाल होते, केस येतात, पुटकुळ्या येतात, आणि क्रीम बंद केलं की आग होते म्हणून पुन्हा लावायचं. 2018 साली सरकारने अशी बरीच मलमं प्रिस्क्रिप्शनशिवाय विकायला बंदी घातली, तरी कुठल्याही मेडिकलमध्ये मागून बघा. काही बिनलेबलच्या गोरेपणाच्या क्रीममध्ये पारा असतो, तो मेलॅनिन बनवणाऱ्या एन्झाइमला अडवतो आणि मग कातडीतून रक्तात जाऊन किडनी बिघडवतो. केरळात मलप्पुरम जिल्ह्यात आणि आपल्या अकोल्यात अशा केसेस अलीकडेच समोर आल्यात. 'सगळे रंग सुंदर' अशा पोस्टरने हे थांबत नाही. त्या मुलीला कुणीतरी सांगायला हवं की ही ट्यूब तुझा डीएनए झाकणारं आवरण उतरवतेय.

शेवटी मला जिथे सगळ्यात जास्त राग येतो ते. वर्गात दरवर्षी एखादी मुलगी तास संपल्यावर जवळ येऊन हळूच विचारते, 'मॅडम, लोहाच्या गोळ्या घेतल्या तर बाळ काळं होतं का हो? वहिनीला आई घेऊ देत नाहीये.' वहिनीला केशराचं दूध मिळतं, गोळ्या कपाटात राहतात. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या गरोदर बायकांपैकी 52 टक्के अ‍ॅनिमियाच्या होत्या, म्हणजे निम्म्याहून जास्त. सरकारी दवाखान्यात मिळणाऱ्या त्या लाल गोळीत 60 मिलिग्रॅम लोह असतं आणि 500 मायक्रोग्रॅम फॉलिक अ‍ॅसिड. तेच फॉलिक अ‍ॅसिड, जे वाचवायला आपल्या आज्या-पणज्यांची कातडी हजारो वर्षं सावळी राहिली. गोऱ्या बाळासाठी ती गोळी टाळायची म्हणजे बाळाला आणि आईला धोक्यात घालायचं, आणि रंगात फरक शून्य, कारण बाळाचा रंग दोन्हीकडून आलेल्या कितीतरी जीन्सने गर्भ राहतानाच ठरलेला असतो, केशरानेही बदलत नाही आणि लोहानेही नाही. ही समजूत कुठून आली असेल याचा माझा अंदाज असा की लोहाच्या गोळीने शौचाला काळं होतं, ते बघून कुणीतरी बाळाशी जोडलं. मग हे उघड बोलायला नको का? आशाताई गोळ्या देताना सांगतात की जेवणानंतर घ्या, लगेच चहा पिऊ नका, लिंबू पिळलेलं काही खा. त्यातच त्यांनी एवढं सांगावं की शौचाला काळं होईल, त्यात घाबरण्यासारखं काही नाही, आणि बाळाच्या रंगाशी या गोळीचा काडीचा संबंध नाही, आणि ते सुनेला नाही, सोबत आलेल्या सासूला आणि आईला सांगावं, कारण कपाटाची किल्ली त्यांच्याकडे असते.